धुतलेली खडी

"वरचं सोड गो, खाली काय म्हणतंय?"

शेजारचे काका आमच्या घरात आले की त्यांचा हा पहिला प्रश्न. बसा म्हटलं तरी खुर्चीवर बसायचे नाहीत. चपला दारात काढून थेट माशांच्या टाकीसमोर उकिडवे व्हायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि टाकीच्या तळाकडे बघत राहायचे. वर मासे शेपट्या फुलवून नाचताहेत, त्यांचं यांना काही नाही. लग्नाला जाऊन नवरानवरी सोडून मांडवाचे खांब तपासणारा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. आमचे काका त्यातले.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी लग्न होऊन कांदिवलीला आले तेव्हा टीव्हीशेजारी माशांची टाकी असली की घर सुधारलं असं लोक समजायचे. आमच्या ह्यांनीही हौसेनं टाकी आणली आणि आठवड्याभरात मासे उलटे तरंगायला लागले. मी घाबरून काकांना हाक मारली. काका मूळचे मालवणकडचे, अंधेरीला पंख्यांच्या कारखान्यात फिटर. त्यांनी टाकी पाहिली, मग मला पाहिलं.

"ही टाकी नाय गो बाय, फुलदाणी आसा."

पुढच्या रविवारी ते सामान घेऊन आले. त्याला अंडरग्रॅव्हल फिल्टर म्हणतात हे मला तेव्हा कळलं. भोकांची एक प्लॅस्टिकची जाळी टाकीच्या तळाला बसवायची, तिच्या कोपऱ्यात उभी नळी, जाळीवर चार बोटं खडी. खडी त्यांनी समोरच्या बांधकामावरून आणली होती, काकूंच्या गव्हाच्या चाळणीनं चाळून. ती चाळण पुन्हा गव्हाच्या कामाची राहिली नाही, यावरून काकूंनी त्यांना महिनाभर ऐकवलं. हवेचा पंप पाण्याच्या वरच्या उंचीला हवा, नाहीतर लाइट गेली की पाणी उलटं पंपात शिरतं, म्हणून तो आमच्या देवांच्या फळीवर गेला. त्या दिवसापासून आमचा पितळी गणपती किंचित थरथरत असायचा.

"असूं दे," काका म्हणाले. "देवाक पण जरा हवा."

सगळं जोडून झाल्यावर ते घरी गेले आणि स्वतःच्या टाकीतली वाटीभर खडी घेऊन आले. तपकिरी, बुळबुळीत. मी नाक मुरडलं.

"घाण नाय ती. विरजण आसा."

मग त्यांनी समजावलं. नळीतून बुडबुडे वर जातात, ते पाण्याला ओढतात, म्हणून टाकीतलं पाणी सतत खडीतून खाली झिरपत राहतं. माशांची घाण खडीत अडकते आणि खडीला चिकटलेले, डोळ्यांना न दिसणारे जीव ती खाऊन टाकतात. ते जीव बसायला महिना-दीड महिना लागतो. जुन्या टाकीतली वाटीभर खडी घातली की लवकर लागतं. "एकदा लागलं की खडी धुवायची नाय. पाणीसुद्धा थोडं थोडं बदलायचं, तेही दिवसभर बादलीत ठेवलेलं. नळाखाली खडी धरलीस तर माझ्याशी गाठ आसा." मी एकदा सहज पाण्यात बोट घातलं तर माझ्या सासूबाईंसमोर मला झापलं. तोंडाचे फटकळ होते, खोटं कशाला सांगू?

पण त्यांची स्वतःची टाकी होती काकूंसाठी. काकूंना हृदयाचं दुखणं होतं. जिना उतरायची मनाई होती, मूलबाळ नव्हतं, काका दिवसभर कारखान्यात. काकूंची खाट टाकीला लागून होती. त्यांनी माशांना सासरच्या माणसांची नावं दिली होती. एक एंजल मासा सारखा तोऱ्यात फिरायचा, तो मामंजी. एक जाडी गोल्डफिश सगळ्यांच्या तोंडचं खायची, ती थोरली वैनी, म्हणजे काकांच्या थोरल्या भावाची बायको.

"आज थोरलीने मामंजींना ढकललं गं," काकू हसून सांगायच्या. खऱ्या वैनी परळला राहायच्या. मनाने मोठी बाई. दर पंधरा दिवसांनी जावेसाठी सोलकढी आणि सुक्या जवळ्याची चटणी घेऊन यायची. आपल्या नावाची गोल्डफिश समोर पोहतेय याचा त्यांना पत्ता नव्हता, आणि काकू पदर तोंडाला लावून हसत बसायच्या.

काकू एका सकाळी चहा पिता पिता गेल्या.

पुरुष मंडळी स्मशानात गेली. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. माणूस गेलं की घरात भरून ठेवलेलं पाणी ओतून टाकायचं, भांडी घासायची, नवं भरायचं. मी आमच्या घरी मंडळींसाठी चहा-भाताचं बघत होते. ते आटपून पलीकडे गेले तेव्हा हंडा, कळश्या, पिंप पालथी पडली होती आणि टाकीही रिकामी होती. मासे नळाच्या पाण्याच्या बादलीत होते. वैनी मोरीत बसून परातीत खडी धूत होत्या, तांदूळ धुवावेत तशी, धुण्याचा सोडा घालून. रडतही होत्या.

"बघ गो, किती घाण निघाली," त्या मला म्हणाल्या. "बिचारीला वाकता येत नव्हतं. एका शब्दाने बोलली नाय मला."

सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. खडी पांढरीशुभ्र झाली होती.

वैनींनी ती जाळीवर पसरली, नळाचं पाणी भरलं आणि मासे परत सोडले. काका स्मशानातून परतले, दारात पाय धुऊन आत आले. वैनींनी डोळे पुसले. "भावजी, बघा, धाकटीची टाकी कशी लख्ख केली."

काका टाकीकडे बघत राहिले. आता हा माणूस बोलणार, असं मला वाटलं. मला एका बोटासाठी झापणारा माणूस तो!

"बरा केलात, वैनी," ते म्हणाले. "तिका वाकूक जमत नव्हता."

आणि खाटेच्या कडेवर बसले.

मासे दुसऱ्या दिवसापासून पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकायला लागले. आधी मामंजी गेला, मग छोटे गेले. घरात सुतकाची माणसं, कुणी ना कुणी सारखं येणारं. वैनी प्रत्येकीला सांगायच्या, "मुक्या जिवाला कळतं हो. बघा, तिच्यामागून एकेक चालले." बायका हळहळायच्या. काका मान हलवायचे. "होय गो वैनी. तिचा लळाच तसा होता."

सुतकाच्या घरी शेजारी पिठलंभात नेतात. मी पिठलंभात नेला आणि सोबत, चटणी असावी तशी झाकून, आमच्या टाकीतली वाटीभर खडी नेली. काकांनी दिलेलं विरजणच ते, आमच्याकडे वाढलेलं. वैनी दुपारच्या जरा आडव्या झाल्या होत्या. काकांनी वाटी घेतली, अलगद खडी पसरली, आणि माझ्याकडे बघून पुटपुटले, "थोरली टिकात कदाचित."

थोरली नाही टिकली. उशीर झाला होता. काकांनी तिला ओंजळीत घेतलं, मला बघवेना.

तेरावं झालं. वैनी परळला निघाल्या, पिशवी उचलली आणि दारातच थांबल्या. "भावजी, एक विचारू? मी पाणी बदललं त्याने तर नाय ना झालं?"

काका हसले. तसं हसणं देवाने कुणाला हसायला लावू नये. "छे! पाण्याने काय व्हतला? ती त्यांका घेऊन गेली." मग त्यांची पिशवी घेऊन त्यांना बसपर्यंत पोचवायला गेले. परत आले आणि आमच्या दारात उभे राहिले.

"वैनीक कधी सांगू नको गो," ते म्हणाले आणि उंबऱ्यावर बसून लहान मुलासारखे रडले. काकू गेल्या तेव्हासुद्धा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

त्यांनी पुन्हा टाकी भरली नाही. आमच्याकडे यायचे, पण खुर्चीवर बसायचे, पेपर चाळायचे, टाकीकडे पाठ करून. मला ते सहन व्हायचं नाही.

काही वर्षांनी साध्या तापाचं निमित्त होऊन काकाही गेले. वैनी धावत आल्या, पार थकल्या होत्या. आता त्याही नाहीत, म्हणून तर हे लिहितेय. त्या दिवशी जमलेल्या बायकांना त्या काका-काकूंच्या संसाराचं सांगत होत्या आणि माशांपाशी आल्या. "एकेक करून सगळे तिच्यामागून गेले हो. शेवटच्याला तर भावजींनी ओंजळीत धरलं होतं." मग माझ्याकडे वळल्या. "तू होतीस ना गो? सांग यांना."

काका समोरच चटईवर निजले होते, नाकात कापूस घालून, पांढऱ्या चादरीखाली.

"हो वैनी," मी म्हटलं. "काकूंच्या मागूनच गेले सगळे."