न झाडलेला बाक

बसवराज गेल्याची बातमी गावात कळवायचं काम माझ्याकडं आलं, आणि तिथंच घोटाळा झाला. मी फोन करून सांगावं, "अहो, आपला चित्रकलेचा बसू गेला, सकाळी अंगणात खाली बसला तो उठलाच नाही," आणि पलीकडून हसू ऐकू यावं. "सोडा की आता, आप्पा!" तिघांनी असं म्हणून फोन ठेवला. त्यांची चूक नाही. आमच्या विहिरीतला बेडूक पावसाळ्यात मराठी आणि उन्हाळ्यात कन्नड बोलतो, हे मी याच लोकांना पंचवीस वर्षं शपथेवर सांगत आलोय. शेवटी मुख्याध्यापकांनी फोन केले, तेव्हा मंडळी मातीला आली.

त्याला आता दीड महिना झाला. लोहाऱ्याकडच्या आमच्या शाळेत तो चित्रकला शिकवायचा, मी गणित. आमच्या वर्गांमध्ये एकच भिंत. मधल्या सुट्टीत भाकरी खाता खाता तो मोबाइलवर जपानी शाळेची कार्टून बघायचा. "कार्टून न्हाय, ॲनिमे म्हण," असं मला दटावायचा. हे त्याला सहावीच्या पोरांनी शिकवलेलं. मीही डोकावायचो. त्यात काही म्हणता काही घडत नसे. दोन पोरी डबा उघडतात, खिडकीतून ऊन येतं, कुणीतरी वर्ग झाडतं. एकदा बसू हरखून म्हणाला, "बघ आप्पा, त्यांची पोरंबी आपल्यागत वर्ग झाडत्यात."

"आरं पण धूळ कुठाय? धूळच न्हाय तर झाडत्यात काय?"

आमच्या शाळेपुढं रस्त्याचं काम इतकी वर्षं चाललंय, की तपासणीला आलेले एक साहेब धुळीत हरवले आणि तिसऱ्या दिवशी खराट्याला लागले... असं मी सांगतो. बसू हसला, मग म्हणाला, "हे आजचं न्हाय रं. पोरं म्हातारी झाल्यावर त्यास्नी शाळा जशी आठवंल, तशी काढलीया. आठवणीत कोण धूळ ठिवतंय?"

"आमच्या पोरास्नी ते सांगू नगं, झाडणंच सोडतील," मी म्हणालो, आणि वाद जिंकला. वाद जिंकायची मला लई हौस.

याच हिवाळ्यात त्यानं सहावीच्या मागच्या भिंतीवर अख्खा वर्ग रंगवायला घेतला, तसाच, मोठ्या डोळ्यांचा, बिनधुळीचा. खिडकीजवळच्या बाकावर, तिच्या रोजच्या जागी, रेणुका काढली. रेणुका दसऱ्यानंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेली. ॲनिमेत पोरगी शाळा सोडते तेव्हा सगळा वर्ग हात हलवत पळतो. ही ट्रॅक्टरवर भांड्यांमधी बसून गेली, कुणाला पत्ता नाही. पण सहावीचा वर्ग बसूकडं, तो हजेरीत तिचं नाव घ्यायचाच. भिंतीपलीकडून मला रोज ऐकू यायचं, "रेणुका..." आणि मग तो थांबायचा. एवढा थांबायचा की मी तेवढ्यात चहा पिऊन कपबशी धुऊन ठेवायचो. मग पुढचं नाव.

एक दिवस मी चित्रापुढं उभा राहिलो आणि म्हणालो, "ती कुठं हाय वर्गात? काढायचं तर खरं काढ की." हे मी म्हणालो. बेडकाला कन्नड शिकवणारा मी!

त्यानं ब्रश उचलला. "पुसू म्हणतोस?"

"पूस."

त्यानं माझ्यादेखत तिच्यावर उन्हाचा पिवळा रंग फिरवला. बाकावर पडलेली तिची सावली तेवढी राहिली. "ही ऱ्हायली की," मी दाखवलं. "ऱ्हाऊ दे," तो म्हणाला, "तेवढी खरी हाय." दुसऱ्या दिवसापासून हजेरी सरळ जायला लागली. मी कान देऊन होतो, मधे कुठं थांबणं नाही. चौथ्या दिवशी तो गेला.

आता सहावी माझ्याकडं आहे. गुढीपाडव्याची सुट्टी संपवून आम्ही वर्ग उघडला, तर बाकांवर बोट बुडेल एवढी धूळ. पोरांनी खराटे घेतले. खिडकीजवळचा, चित्राला लागून असलेला एक बाक त्यांनी तसाच सोडला. मी ओरडलो, "त्यो कुणी झाडायचा?" एक पोरगी खराटा न थांबवता म्हणाली, "सर, त्याला लागत न्हाय झाडाया." मी जाऊन बोट फिरवलं. बोट स्वच्छ. खिडकीला काच नाही, रस्ता समोर. रोज सकाळी बघतो. बोट स्वच्छच...

हे मी स्टाफरूममध्ये सांगितलं. सगळे हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार?

ऊसतोडीच्या टोळ्या माघारी यायला लागल्यात. तिचं बिऱ्हाड अजून आलेलं नाही. मी हजेरीत तिचं नाव पुन्हा घेतो. "रेणुका..." म्हणतो आणि बसूएवढाच थांबतो. पोरंही चुळबुळ न करता थांबतात, खिडकीकडं बघतात. मग मी वहीत खूण करतो. कुठली, ते लिहीत नाही. लिहिलं तरी तुम्ही म्हणाल, सोडा की आता, आप्पा.