बाबांचं खोगीर आणि चंपाची पाठ

दिघोरीच्या आत्याने फोनवर हट्टच धरला, "दादाच्या खोगिरावर बसून ये वं एकदा. मले पाहाचं हाये." आमच्या घरातलं गावात घोडीवर बसून शिरलेलं पहिलं माणूस म्हणजे बाबा. नोकरी जवाहरनगरच्या फॅक्टरीत, पण सुट्टी मिळाली की गावी आणि घोडीवर. ते गेल्यापासून खोगीर माझ्या नागपूरच्या घरी पडून होतं. मी लांब पल्ल्याच्या शर्यतींत घोडी पळवते. म्हटलं, जाऊच.

माझ्या घोडीला, चंपाला, टेम्पोने भंडाऱ्यापर्यंत आणलं. घोडा घेऊन निघालात तर साकोलीचा हायवे टाळा, ट्रकवाले जीव काढतात. अड्याळ-पालांदूरचा आतला रस्ता धरा. दोन्ही बाजूंना धान, मध्येच तलाव. अड्याळला वीस रुपयांत झणझणीत तर्री-पोहे मिळाले, चंपाला भिजवलेले चणे. जुन्या चामड्याचा वास येत होता आणि मी पुन्हा लहान होऊन बाबांच्या पुढ्यात बसले होते. फार सुखात होते मी.

बाबांची घोडी सडपातळ होती, चंपा पाठीने रुंद. टोचू नये म्हणून मी खोगिराखाली गोधडी दुहेरी करून घातली होती. म्हणजे घट्ट बुटात जाड मोजे! एरवी दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मीच त्याला झापलं असतं.

पालांदूरला खोगीर उतरवलं. सगळी पाठ घामाने ओली, खांद्यांमागे मात्र दोन कोरडे चट्टे. सगळा दाब तिथेच पडला होता. बोटं फिरवताच चंपाने अंग चोरून पाठ खाली दबवली.

चहावाला म्हणाला, "मॅडम, दिघोरी आता काई लांब नाई. बसूनच जा ना."

मलाही तेच हवं होतं. आत्या वेशीवर उभी असणार होती. पण खोगीर एका ऑटोत टाकून पुढे पाठवलं आणि चंपाला धरून चालत निघाले. रस्ताभर रडले, खरं सांगते.

आत्या शेजारणींना घेऊन उभी होतीच. "जयभीम. काहून वं, पैदल येऊन राहिली?" मी सांगितलं. तिचा चेहरा उतरला. मग तिने चंपाच्या पाठीवर तळवा ठेवला आणि ओली फडकी आणायला घरात गेली.

परतताना खोगीर तिच्याकडेच राहिलं. आता चंपाची पाठ बरी झालीय आणि तिच्या मापाचं नवं खोगीरही आलंय. आत्याला हे सांगताना मी जरा चाचरतच होते.

"बरं केलं," ती म्हणाली. "दादाची याद माह्या घरी हाये, घोडीच्या पाठीवर कायले पाहिजे? तू आपल्या खोगिरावर ये. गावाले आता तुले पाहू दे."