एरियलच्या जागी बोट

वाशीमच्या एका छोट्या रेडिओ केंद्राने मुलींना आपल्या शाळेविषयी बोलायला बोलावलं होतं. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही, पण बंद खोलीत, समोर फक्त माईक असताना मला बोलता आलं. बोलण्याच्या ओघात घरी कधी न काढलेला विषय निघाला. माझ्या इंग्रजी शाळेच्या पालकसभेत सगळं इंग्रजीतच चालायचं. बाबांना त्यातलं काही कळत नसे, तरी ते शेवटच्या रांगेत सभा संपेपर्यंत बसून राहत.

रेकॉर्डिंग करून घरी परतताना मला भीती वाटू लागली. आपल्याला कळत नव्हतं हे लेकीने अख्ख्या जिल्ह्याला सांगितलं, असं बाबांना वाटलं तर?

आमच्या गावात ते केंद्र लागत नाही, नुसती खरखर येते. शेलूबाजारकडे जाताना एक चढ आहे. तिथे गाडीच्या रेडिओवर ते स्वच्छ ऐकू येतं, हे बाबांना माहीत होतं. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाले. आई एका लग्नाला गेली होती, म्हणून आम्ही दोघंच निघालो.

चढावर गाडी थांबवून बाबांनी रेडिओ लावला. खरखर. गाडी थोडी पुढे घेतली, मग मागे. पुन्हा खरखरच. ते उतरून टपाकडे बघत राहिले.

"एरियल घरीच राह्यला वं!"

आमची गाडी सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, भरलेल्या शेडमध्ये उभी असते. छपराचं टिन खाली असल्यामुळे एरियल घासतो, म्हणून बाबा तो फिरवून काढतात आणि हरवू नये म्हणून देव्हाऱ्यात ठेवतात. आजही तो देवांपाशीच होता.

परत जायला वेळ नव्हता. बाबांनी एरियलच्या जागी उरलेल्या बारीक बोल्टवर बोट टेकवून पाहिलं, आणि आत निवेदिकेचा आवाज लख्ख आला. बोट उचललं की खरखर.

"जमलं! तू आइक आता."

मला आतून बरं वाटलं. रस्त्यावरच्या ट्रकांच्या आवाजात बाबांना बाहेर काही कळणार नव्हतं. तेवढ्यात सवारीने भरलेली एक जीप हळू झाली.

"काय काका, गाडीले हात लावून काय करून राह्यले?"

"बुखार पाहून राह्यलो तिचा," बाबा म्हणाले. जीपमधले सगळे हसत पुढे गेले.

निवेदिकेने माझं नाव घेतलं. बाबा बोट न हलवता खाली वाकले आणि मान वाकडी करून खिडकीशी कान आणू लागले. एक ट्रक गेला. त्यांनी डोळे मिटून घेतले, तसं केल्याने जास्त ऐकू येईल म्हणून की काय.

मी दार उघडून बाहेर आले.

"बाबा, तुम्ही आत बसा. मी धरते."

"अन् तू कशी आइकशीन?"

"मला पाठ आहे."

ते आत बसले. मी काचा वर करायला सांगितल्या. बोल्ट उन्हाने तापला होता. काचेतून माझाच आवाज पुसट येत होता. शाळेची बस झाली, प्रार्थना झाली. आता पालकसभा येणार होती. मी बोट जरासं उचललं असतं, तर ती दोन वाक्यं खरखरीत गेली असती. बाबांनी नेटवर्कला शिव्या घातल्या असत्या आणि विषय संपला असता. उलट मी बोट आणखी घट्ट दाबलं आणि रस्त्याकडे बघत राहिले.

गाणं सुरू झालं तरी बाबा उतरले नाहीत. मग काच खाली झाली.

"मांगं काहून बसत होतो, सांगू? पुढं बसलं का ते मॅडम सवाल इचारे." ते समोरच्या रस्त्याकडेच बघत होते. "समजत नोतं हे खरं हाय. पण तुह्यं नाव आलं का तेवढं समजे."

मी बोल्टवरून बोट काढलं. गाडीत बसले, पट्टा लावला. गाव जवळ आल्यावर, त्यांनी काही विचारलं नसताना, मी म्हणाले, "रविवारी हा कार्यक्रम परत लावतात."