चार बोटं जागा

फोन आला तेव्हा मी अनीसभाईच्या दुकानात उभी होते. उन्हाळ्याआधी आर्णीत कूलरच्या पत्र्याच्या बॉड्यांचा जो ठणठणाट चालतो, त्यात पलीकडचं धड ऐकूही येईना. अनीसभाईनं हातोडा थांबवला. यवतमाळच्या डायलिसिस सेंटरमधून सिस्टर बोलत होत्या. मशीनवर असतानाच प्रमोदचं बीपी एकदम पडलं, डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले... माझ्या हातात त्याच्या कंप्यूटरसाठी केलेला पत्र्याचा छोटा डबा होता. नुकतीच त्यात बोटं घालून पाहिली होती, चपखल बसली होती, आणि हे त्याला फोन करून सांगणार होते. प्रमोद माझा धाकटा भाऊ. दर खेपेला मी त्याच्यासोबत जायचे. त्याच दिवशी त्यानं मला मागं ठेवलं, कारण डबा मोजायला बोटं माझीच लागत होती. इतके आठवडे झाले, तो राग जात नाही. कुणावर काढावा, तेही कळत नाही.

प्रमोद लग्नपत्रिका करायचा. आसपासच्या कितीतरी गावांतली लग्नं त्याच्या कंप्यूटरवर जुळली. त्याचं स्वतःचं तेवढं राहिलं. आधी कामापायी, मग किडनीपायी. मी माझी किडनी द्यायला तयार होते, पण तपासणीत जुळली नाही. आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच, आणि त्यातून मी त्याच्या कामाची निघाले नाही, हे मला अजून गिळता येत नाही. एसटीनं यवतमाळ गाठायचं, तासन्‌तास खुर्चीत पडायचं, एक हात मशीनला जोडलेला. लग्नसराईत गिऱ्हाइकं दुसरीकडे वळू लागली तेव्हा तो पहिल्यांदा खचला. म्हणाला, "ताई, मी जगून राह्यलो का नुसता बसून राह्यलो, काई समजून नाही राह्यलं." मी शाळेत पोरांना दिवसभर बोलून बोलून शिकवते, त्याला मात्र तेवढं पाणी मापून दिलं.

उत्तर त्यानंच काढलं. दुकानातला कंप्यूटर पिशवीत मावेल आणि सेंटरमधल्या खुर्चीपुढच्या टेबलावर बसेल एवढा करायचा; एक हात मोकळा असतो, तेवढा पुरे. लॅपटॉप घे म्हटलं तर म्हणे, "याच्यातला माल चांगला आहे, खोकंच मोठं आहे. अंदर नुसती हवा भरली." मग ती हवा काढायचं वेडच लागलं. उरलेल्या पत्रिकांचा जाड कागद कापून, थरावर थर चिकटवून त्यानं प्रत्येक भागाचं सोंग तयार केलं. मदरबोर्डवर कुणाचा तरी 'चि.', पॉवर सप्लायवर कुणाची 'चि. सौ. कां.' जेवणाचं ताट बाजूला सारून ही वऱ्हाडी मंडळी तो सतरंजीवर सरकवत बसायचा. हे इथं ठेवलं तर वायरीला वळायला जागा राहत नाही, ते तिथं ठेवलं तर पिन खुपसता येत नाही. मी चिडायचे, औषधाची वेळ झाली म्हणून ओरडायचे. आणि दाराआड जाऊन बघायचे, कारण तेवढा वेळ तो आजारी दिसायचा नाही.

पट्टी का वापरली नाही, असं आता लोक मला विचारतात. लांबी-रुंदी तो पट्टीनंच मोजायचा. पण पत्रिका करणाऱ्याला उंचीशी कधी कामच पडलं नव्हतं, आणि कूलरवाला अनीसभाई बोटांनी मोजणारा. दोघांचं ठरलं, तीन बोटांत बोर्डावरचा पंखा आणि झाकणाखाली एक बोट हवेला. आपल्या उन्हात तेवढी लागतेच. अनीसभाईनं पत्र्याचा डबा करून आणला, झाकण लावलं, बटण दाबलं आणि पंखा पत्र्याला खर्रकन घासला. अनीसभाई शपथेवर सांगू लागला की माप प्रमोदच्याच हाताचं आहे. प्रमोदनं हात घातला, त्या दिवशी तो पुन्हा सुजलेला, तर चार बोटं आत जाईनात. मग त्याच्या लक्षात आलं. पंखा मोजला तेव्हा त्याचे हात सुजलेले होते, आणि झाकणाचं माप दिलं ते डायलिसिसहून आल्यावर, अंगातलं पाणी काढून बोटं वाळली असताना. तो हसत सुटला. "माह्यं तं मापच पाण्यावर आहे, अनीस." अनीसभाई हसला नाही. प्रमोदनं माझा हात ओढून, करंगळी खाली टेकवून बोर्डाजवळ उभा धरला. "आता ताईच्या हातानं मोजू. तिचे बोटं बदलत नाही."

'सुटला बिचारा' असं म्हणणाऱ्यांना मी आता चहासुद्धा विचारत नाही. सुटायचं असतं तर तो सतरंजीवर पत्रिका कापत बसला नसता. सुटले असेन तर मी. सकाळी गोळ्या नाहीत, पाणी मापून देणं नाही, एसटी नाही. त्या रिकाम्या वेळाचं करू काय, हे कुणी सांगत नाही. तेरवीनंतर अनीसभाई माझ्या बोटांच्या मापाचा तो दुसरा डबा घरी ठेवून गेला. परवा मी सतरंजी अंथरली, त्याच्या कागदी वऱ्हाडाकडे बघत बघत खरे भाग एकेक करून बसवले, आणि अनीसभाईला बोलावून वायरी जोडून घेतल्या. पंखा फिरला. कुठंही घासला नाही. तरी सवयीनं, झाकण लावायच्या आधी तो बंद करून मी बोर्डावर हात उभा धरला. चार बोटं गेली आणि वर, डब्याच्या कडेपर्यंत फट उरली. पुन्हा धरला, तीच फट. "अनीसभाई, तुमचं माप चुकलं," मी म्हणाले.

तो डब्याकडे पाहीना, माझ्या हाताकडे पाहत राहिला. "डबा बराबर आहे, ताई," तो म्हणाला. "तुमी जेवून नाही राह्यल्या."