पांढरी गाडी आणि आमचं जांभूळ

जांभळाचं झाड आमच्या भिंतीच्या आत होतं. हे आधीच सांगते, कारण नंतर ते मला इतक्या जणांना सांगावं लागलं की तोंड दुखलं. मानपाड्याला आमचं बैठं घर आहे. मागच्या अंगणातलं जांभूळ बाबांनी लावलेलं. बाबा गेल्यावर घरात मी आणि आई अशा दोघीच.

शेजाऱ्यांनी पांढरी गाडी घेतली आणि भिंतीला चिकटून उभी करायला लागले. जांभळं पिकली की टपावर डाग पडायचे. तक्रार खोटी नव्हती. "भाऊ, तुमच्या बाजूच्या फांद्या कापून घेते," असं मी म्हटलं आणि महापालिकेची रीतसर परवानगी काढून कापून घेतल्याही.

एका संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर ठाण्याहून घरी आले, तर स्वयंपाकघरात भलताच उजेड. खिडकीतून पाहिलं. झाड नव्हतं. कमरेएवढा बुंधा, भुसा आणि पायाखाली चिरडलेली हिरवी फळं.

आई म्हणाली, "बरं झालं आलीस. माणसं आत्ताच गेली. मी चहा दिला त्यांना."

"कुठली माणसं?"

"अगं, झाड तोडायला आलेली. शेजारचे भाऊ म्हणाले, ताईंशी बोलणं झालंय." माझा चेहरा बघून ती थांबली. "तू हो म्हणाली होतीस ना?"

आईला कमी ऐकू येतं, फोनवर तर काहीच नाही. हे शेजाऱ्यांना पक्कं ठाऊक. म्हणून तर त्यांनी मी घरी नसते ती दुपारची वेळ धरली. मी तशीच चपला घालून त्यांच्या दारात गेले.

"ताई, शांत व्हा. झाड आतून किडलेलं, कधीही पडलं असतं."

"माझ्या आईला खोटं सांगितलंत तुम्ही!"

"एका झाडासाठी एवढं? जांभळं काय, बाजारात मिळतात."

मी परत आले आणि तोडलेल्या फांद्या एकेक ओढत नेऊन त्यांच्या गेटसमोर टाकल्या. हात सोलवटले. गल्लीतली माणसं गॅलरीत येऊन बघत राहिली, कुणीही खाली उतरलं नाही. सकाळी त्यांची गाडी निघेना. त्यांनी हॉर्नवर हॉर्न वाजवला. मी ऐकत चहा प्यायले. मग रजा टाकली आणि महापालिकेच्या उद्यान विभागात तक्रार दिली.

पंचनाम्याला माणूस आला तेव्हा शेजारी म्हणाले, "मावशींनीच परवानगी दिली. चहासुद्धा पाजला त्यांनी, विचारा." आईची मान खाली गेली. मी ओरडणार इतक्यात त्यांची बायको गेटमधून बाहेर आली. आमच्याकडे हळदीकुंकवाला येणारी, नवऱ्यासमोर कधी तोंड न उघडणारी.

"मावशींना फसवलंय यांनी," ती म्हणाली. "झाड चांगलं होतं. गाडीवर डाग पडतात म्हणून तोडलं. आदल्या दिवशी माझ्यासमोर ठरवलं सगळं."

"तू आत जा," ते गुरगुरले.

ती गेली नाही. पंचनाम्यावर सही करून मगच गेली.

त्यांना दंड झाला, नवी झाडं लावायचा हुकूम निघाला. ते एक रोप घेऊन आमच्या दारात आले. आई म्हणाली, घे गं. मी नाही घेतलं. बुंधा सुकला. बायकोला त्यांनी आमच्याकडे यायची बंदी केली. भाजी घेताना भेटतो आम्ही. "घरी काही बोलतात का?" विचारलं तर ती हसते आणि विषय बदलते. त्या हसण्याने मला परत संताप येतो.

आणि आई. तिला मी शंभरदा सांगितलं की तुझी काही चूक नाही. तिला पटत नाही. आता दुपारी ती कुणालाच दार उघडत नाही. गॅसवाला दोनदा सिलेंडर घेऊन परत गेला. ज्या बाईने आयुष्यभर दारात आलेल्या माणसाला पाणी विचारलं, ती कडी लावून आत बसून असते. दंड भरून तो माणूस मोकळा झाला. मी त्याला माफ केलेलं नाही, करणारही नाही.