माहेरचं भंगार आणि हिंगोलीचा रस्ता

सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गोरेगावातून निघून अर्धा तासही झाला नव्हता आणि माझी ॲम्बॅसॅडर दुसऱ्यांदा बंद पडली होती... शेजारच्या सीटवर माझे दीर बसले होते. सोबत म्हणून नव्हे, परीक्षक म्हणून.

२००४ सालची ही गोष्ट. घरात हल्ली ती कुणीही कशीही सांगतं, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

गाडी माझ्या वडिलांची. ते गेल्यावर भावांना ती नको होती, मला हवी होती. ट्रॅक्टरला बांधून ती सासरी आणली आणि शेडमध्ये उभी केली. सात वर्षं ती तिथून हलली नाही आणि घरात तिचं नाव पडलं, 'माहेरचं भंगार'.

शेड खरी हळदीची. शिजवून वाळवलेली हळद उन्हाळ्याच्या तोंडाला तिथे येऊन पडते, आणि त्या वर्षी लागवड दुप्पट होती. पोळा झाल्यावर भाऊजींनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "वहिनी, हळद यायच्या आत ही गाडी सोताच्या इंजिनावर हिंगोलीला जाऊन आली तर ऱ्हाऊ द्या. न्हाई तर भंगारवाल्याला बोलावतो."

मी म्हटलं, "ठरलं. पण तुम्ही स्वतः गाडीत बसायचं."

मी फिजिक्सची पदवीधर, गावातल्याच हायस्कूलवर विज्ञान शिकवत होते. इंजिन पुस्तकातून माहीत होतं, हाताला माहीत नव्हतं. ते काम युसूफभाईंनी केलं. गावात जीपची दुरुस्ती करणारे म्हातारे मिस्त्री. दर रविवारी सकाळी यायचे, मला पाना धरायला लावायचे आणि चुकलं की सरळ रागवायचे.

उंदरांनी वायरिंग संपवलं होतं, ते सगळं नवं घातलं. ब्रेकचे पाइप बदलले. बॅटरी नीट चार्ज व्हावी म्हणून जुना डायनॅमो काढून एका मोडीत निघालेल्या जीपचा अल्टरनेटर बसवला, हेडलाइट हॅलोजनचे केले. जो येईल तो सांगायचा, पेट्रोल इंजिन फेका, डिझेल टाका. मी नाही म्हटलं. सुधारणा करायच्या होत्या, गाडी दुसरी करायची नव्हती.

पेट्रोलच्या टाकीचं झाकण हरवलं होतं. मी लेथवरून स्टीलचं करून आणलं आणि आत कुकरची जुनी रिंग कापून बसवली. युसूफभाई म्हणाले, "मॅडम, थोडं सैल ऱ्हाऊ द्या. एवढं घट्ट बराबर न्हाई."

मी म्हटलं, "सैल झाकण माझ्या घरात चालत नाही."

जायच्या दिवशी त्यांना मुद्दाम बरोबर घेतलं नाही. मिस्त्री गाडीत बसला असता तर गाव म्हणालं असतं, त्यानेच नेली.

तर दुसऱ्यांदा बंद पडली. मी बॉनेट उघडून प्लग पाहिले, स्पार्क ठीक होता. तेवढ्यात सेनगावची काळीपिवळी जीप शेजारी थांबली. आत पंधरा जण, टपावर आणखी चार. ड्रायव्हर ओरडला, "मॅडम, दोरी देऊ का बैलजोडी पाठवू?" सगळी जीप हसली. भाऊजीही हसले.

"तुझी जीप ढकलल्याशिवाय कधी सुरू झाली ते सांग," मी म्हटलं. टपावरचे जास्तच हसले.

दहा मिनिटांनी पुन्हा किल्ली फिरवली, तर काही दुरुस्त न करताच गाडी सुरू झाली. थोडं अंतर गेली आणि तिसऱ्यांदा बंद.

भाऊजी आता हसले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, काहून तकलीफ करून राहिल्या? ट्रॅक्टर बोलावतो. कुनी काही म्हननार न्हाई." त्यांच्या त्या मऊ आवाजाचा मला जास्त राग आला.

निदान पेट्रोल तरी पाहावं म्हणून मी टाकीचं झाकण फिरवलं. आणि टाकीने जोरात श्वास घेतला... सूं करून हवा आत गेली.

मला घरातला तेलाचा डबा आठवला. गोड्या तेलाचा पंधरा किलोचा डबा फोडताना आपण दोन भोकं पाडतो, एक तेलाला आणि एक हवेला. एकच पाडलं तर तेल अडतं. मी शाळेत हवेचा दाब शिकवणारी बाई, घरात दर महिन्याला डबा फोडणारी बाई, आणि टाकीत हवा जायला वाटच ठेवली नव्हती, म्हणून पेट्रोल अडत होतं. युसूफभाई बरोबर होते. मी चूक होते.

भाऊजींच्या देखत कुकरची रिंग उपटून काढली. "चूक माझी आहे," मी म्हटलं, "गाडीची नाही. बसा."

त्यानंतर ती एकदाही थांबली नाही.

हिंगोलीत शिरल्यावर भाऊजींनी टोपी नीट केली. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "मोंढ्यावरून घ्या जरा. तिथं आपले लोक असत्यात." घेतली. बाजारात हळदीच्या आडतीसमोर त्यांनी काच खाली केली आणि ओळखीच्या प्रत्येकाला हाक मारली. "आमची हाय," असं एकाला सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं.

गाडी स्वतःच्या इंजिनावर परत आली, शेडमध्येच राहिली, आणि त्या वर्षी हळद ओसरीत पडली. जायला-यायला जागा नव्हती, सगळ्यांचे पाय पिवळे झाले. कुणी शब्द काढला नाही, आणि काढला असता तरी मी ऐकला नसता.

युसूफभाई आता नाहीत. त्या सहा महिन्यांत 'बाईमाणसाला हे कशाला हवं' असं अख्ख्या गावाने मला विचारलं... त्यांनी एकदाही विचारलं नाही. पाना तेवढा हातात दिला. त्यांचे आभार मानायचे राहून गेले होते, ते आज इथे, सगळ्यांसमोर मानते.