परशुअण्णांचं सुण्ण

नवलगुंदच्या वाटेवरच्या त्या गावात नोकरी संपवून कुणी परतलं, की लोक मारुतीच्या कट्ट्यावर सरकून त्याला जागा करून देतात. परशुअण्णांना कट्टा मानवला नाही. हुबळीत लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत, शास्त्राच्या प्रयोगशाळेत, त्यांनी तीस वर्षं काचेची भांडी धुतली होती. शहाण्णव साली ते घरी आले आणि पाहतात तर गावचं तळं हिरवंगार झालेलं. दाट, वास मारणारं. बायका पाण्यासाठी लांबच्या बोअरवर जात होत्या. त्यांत गुडघे धरलेली त्यांची बायको पार्वतीही होती.

तळ्याच्या उतारावर पहिलं रान अण्णांचं, त्याला लागून सटवाजीचं. हे पाणी बाहेरच्या कुणी नासवलेलं नाही, हे अण्णांनी मनाशी कबूल केलं. धारवाडच्या शेतकी कॉलेजात जाऊन विचारलं. तिथल्या साहेबांनी समजावलं, की डीएपी खतातलं स्फुरद काळ्या मातीला चिकटून बसतं. पावसात माती विरघळून वाहिली की तेही तळ्यात उतरतं आणि त्यावर शेवाळ पोसतं. खत बेतानं घाला, रानात जिप्सम टाका, माती धरून राहील.

पहिल्या वर्षी अण्णांनी निम्म्याच रानात जिप्सम टाकलं. पावसाळा सरता दोन्हीकडची ढेकळं आणली आणि शाळेतून निरोपाला मिळालेल्या दोन चंचुपात्रांत सोडली. एक ढेकूळ बघता बघता विरलं, पाणी शेणकाल्यासारखं झालं. दुसरं, जिप्समच्या रानातलं, रुसलेल्या जावयासारखं ठाण मांडून बसलं. मग अण्णा ती दोन पात्रं घेऊन दारोदार हिंडले. मराठी घरांत मराठीतून सांगितलं, कानडी घरांत कानडीतून. जिप्समला कानडी शब्द सापडेना, म्हणून ते म्हणत, ‘सुण्णद हांग इरतैती’, सुण्णासारखं असतं. सुण्ण म्हणजे चुना.

सटवाजी शेजारच्याच ओसरीवर बसून ऐकत होता. त्याच्या कानात फक्त सुण्ण राहिलं. घर रंगवायला आणलेला कळीचा चुना फोडून त्यानं मिरचीच्या रोपांत फेकला. आठ दिवसांत रोपं करपली.

गाव बोलायचं कानडी, पण हा विनोद मराठीतच झाला: अण्णानं सटवाजीला चुना लावला. त्यानंतर अण्णांची पात्रं दिसली की लोक दार लोटून घेऊ लागले. सटवाजीचं रान तसंच वाहत राहिलं तर तळं कधीच निवळणार नव्हतं.

अण्णा त्याच्या बांधावर गेले.

“तुम्ही सुण्ण म्हणालात, मी सुण्ण टाकलं,” सटवाजी म्हणाला. “शिकल्या माणसाचं ऐकलं, एवढीच चूक माझी.”

‘सुण्णासारखं’ म्हणालो होतो, हे अण्णांच्या जिभेवर आलं. त्यांनी ते गिळलं.

“शब्द माझा होता, रोपं तुझी गेली. माझ्या वाफ्यातली रोपं ने. आणि वर्षभर हे रान माझ्या हाती दे.”

“पुन्हा जळलं तर?”

“तर मला त्या कट्ट्यावर नेऊन बसव. मरेपर्यंत.”

सटवाजीला हसू आलं. ही शिक्षा केवढी, ते त्याला ठाऊक होतं.

वैशाखात अण्णांनी गाडी भरून जिप्सम आणलं. सटवाजी आधी हाताची घडी घालून बघत राहिला. मग म्हातारा वाऱ्याच्या तोंडाला उभा राहून फेकतोय, निम्मं स्वतःच्याच मिशीवर घेतोय, हे त्याला बघवेना. त्यानं बुट्टी ओढून घेतली. त्या साली मिरची चांगली आली आणि तळ्याकडे जाणारा ओहोळ पहिल्यांदाच निवळशंख वाहिला.

तळं मात्र एका पावसात निवळत नाही. तळाच्या गाळात जुनं खत मुरलेलं असतं. तीन पावसाळे गेले. उत्तरेकडची रानं अजून ऐकत नव्हती, तिकडचा काठ हिरवाच होता. पण अलीकडच्या काठाला पायरीखालचे खडे दिसू लागले. एका सकाळी पार्वतीनं कुणाला न विचारता तिथं घागर बुडवली.

त्या पाण्यात तूरडाळ लवकर शिजली, लोण्यासारखी मऊ. बोअरच्या पाण्यात ती कितीही उकळली तरी दाणेदारच राहायची. अण्णांच्या ताटात पार्वतीनं एक पळी जास्त वाढली.

“सटवाजीभावजींना हाक मारा,” ती म्हणाली. “डाळ निवायच्या आत.”